जुन्या नाशकातल्या आळीचा वारसा नोंदवायचाय, पण माणसं जोडायची कशी?

पारावरचा

नमस्कार मंडळी. जुन्या गावठाणातली एक आळी. चाळीसेक घरं, त्यांत नऊ वाडे. तीन पडीक आहेत, दोनांचा व्यवहार झालाय म्हणतात. २०२७ च्या सिंहस्थाच्या कामांमुळे सगळीकडे खोदाखोदी चालू आहे, तेव्हा आहे त्याची निदान नोंद तरी व्हावी, असं आम्हा सहा जणांच्या मनात आहे. प्रत्येकाला रविवारचे दोन तास देता येतात. हातात फोन आहेत, एक साधा स्कॅनर आहे.

आतापर्यंत तीन गोष्टी झाल्या. व्हॉट्सॲप ग्रुप काढला: ६२ सभासद, रोज सुप्रभात, नोंद एकही नाही. बैठक बोलावली, तर चौघं आले आणि पार्किंगवर बोलून गेले. दोन वाड्यांत फोटो काढायला गेलो, तेव्हा देवडीतूनच परत पाठवलं.

लोक बोलते व्हावेत म्हणून सुरुवात कशापासून करावी? नोंदीला नेमकी काय पद्धत असते? आणि जमेल ते ठेवायचं कुठे आणि कुणाच्या नावावर? आम्ही कुणी इतिहासाचे अभ्यासक नाही, त्यामुळे अगदी मुळापासून सांगितलंत तरी चालेल.

गोदाकाठ

वाड्यापासून सुरुवात केलीत, तिथेच गाडं अडलं. वाडा म्हणजे भाऊबंदकी, भाडेकरू, कोर्टातली तारीख. पावसाळ्याआधी महापालिका धोकादायक घरांना कलम २६४ खाली नोटिसा काढते. फोन घेऊन दारात आलेला माणूस त्या घराला वारसाप्रेमी वाटत नाही, भेगांचे फोटो काढायला आलेला वाटतो. म्हणून ज्याचं प्रॉपर्टी कार्ड कुणाच्याच नावावर नाही अशा गोष्टीपासून सुरू करा. नाशकात अशी सगळ्यात सोपी गोष्ट म्हणजे पुराची खूण.

१९६९ चा आणि २००८ चा पूर कुठवर आला, हे गोदाकाठच्या आळ्यांमध्ये कुणालाही विचारा. गोदेच्या पात्रातला दुतोंड्या मारुती हे गावाचं माप झालं. घराघरांचं माप वेगळं असतं: ‘आमच्या तिसऱ्या पायरीला’, ‘कोनाड्याच्या खाली चार बोटं’. यात ना मालकी येते ना जात ना पक्ष, आणि प्रत्येकाला आपलंच खरं करायचं असतं. तुम्हाला तेच हवंय.

मापाची पद्धत नीट पाळा, नाहीतर सगळं वाया जातं. खुणेची उंची रस्त्यापासून मोजू नका. डांबराचे थरावर थर आणि वर काँक्रीट चढून रस्ते वर आलेत, त्यामुळे आजचं माप १९६९ ला लागू पडत नाही. मोजायचं ते जोत्याच्या वरच्या कडेपासून. मग एका घराची खूण दुसऱ्या घराशी जुळवायला गवंड्याची लेव्हल ट्यूब घ्या, म्हणजे पारदर्शक नळी, दहा मीटर. एक टोक देवळाच्या जोत्यासारख्या न हलणाऱ्या दगडाशी धरायचं, दुसरं खुणेशी, आणि दोन्हीकडचं पाणी थांबलं की वाचायचं. नळीत हवेचा बुडबुडा राहिला तर दोन्हीकडची पातळी जुळत नाही आणि माप बोट-दोन बोटं चुकतं. त्यासाठी पाणी तोंडाने ओढून भरा आणि भरल्यावर नळी अंगठ्याने टिचक्या मारत वर धरा. पाण्यात चिमूटभर कुंकू टाकलं की पातळी स्वच्छ दिसते. एका खुणेबद्दल दोघांना वेगवेगळं विचारा. अर्ध्या फुटाहून जास्त फरक आला तर दोन्ही मापं लिहा, सरासरी काढू नका.

तीन रविवारांत पंधरा-वीस खुणा सहज होतात. त्या मोठ्या कागदावर हाताने काढलेल्या नकाशात पेन्सिलने भरा, कागद चौकात टांगा आणि शेजारी दोरीला लाल पेन बांधा. बैठकीला न येणारा माणूस चूक दाखवायला मात्र हमखास येतो.

दुसरी सामाईक गोष्ट रहाड, म्हणजे रंगपंचमीला रंगाचं पाणी भरून खेळायचा जमिनीतला हौद. तुमच्या आळीत नसली तरी शनि चौक, दिल्ली दरवाजा, तिवंधा, जुनी तांबट लेन यांतली एखादी जवळ असेलच. रहाड वर्षभर फळ्या टाकून मातीखाली बुजवलेली असते, रंगपंचमीसाठीच उघडते. म्हणजे मापं घ्यायची संधी वर्षातून एकदाच: झाकण निघून गाळ काढल्यावर आणि पाणी सोडायच्या आधी. हा वेळ थोडाच असतो, पण तिघं असाल तर अर्धा तास पुरतो. लांबी, रुंदी, खोली दोन ठिकाणी, बांधकाम दगडाचं की विटांचं, पाणी कुठून येतं आणि कुठे जातं, फळ्या किती आणि कशाच्या. रंग उकळणाऱ्याला वेगळं गाठा: फुलं कोणती, किती, किती पाण्यात, कढई किती वेळ चुलीवर. हे लिहून ठेवण्याची कुणाला गरज वाटत नाही, कारण उकळणाऱ्याला ते तोंडपाठ असतं.

मंडळाकडे आणि मानकऱ्यांकडे महिनाभर आधी जा. त्या दिवशी जाऊन विचारलंत तर कुणालाही बोलायला फुरसत नसते. पूजा होईपर्यंत कडेला उभे राहा, चपला बाहेर. आणि ड्रोन आणू नका, उगाच परवानग्यांच्या भानगडी.

एक सावधगिरी. रामकुंडावरच्या तीर्थोपाध्यांकडे यजमानांच्या नामावळ्यांच्या वह्या पिढ्यानपिढ्या चालत आल्यात. आपल्या आळीतल्या घराण्यांची नावं त्यांत सापडतील म्हणून सरसकट स्कॅन मागण्याचा मोह होतो. मागू नका. त्या वह्या त्यांचं पोट आहे. घरातल्याच माणसाने स्वतः जाऊन आपल्या घराण्याची नोंद विचारावी, दक्षिणा द्यावी आणि लिहून आणावी.

मोडीवाचक

पुराच्या खुणांची कल्पना पक्की आहे. त्या शोधताना जोत्यावर, पायऱ्यांवर, आडाच्या काठावर कोरीव अक्षरं सापडतील, त्यांबद्दल लिहितो.

अक्षरं उठून दिसावीत म्हणून लोक खडू, पीठ, तेल, शेंदूर काहीही फासतात. तेल दगडात मुरतं आणि धूळ धरून ठेवतं, खडू खाचेत बसतो आणि पुढच्याला खोटी रेघ दाखवतो. तारेचा ब्रश तर लावूच नका. सुकी मऊ कुंचली पुरे. फोटो अंधार पडल्यावर काढा: कॅमेरा दगडाच्या बरोबर समोर, टॉर्च बाजूने जवळजवळ दगडाला टेकून, म्हणजे उजेड तिरका पडून खाचेत सावली बसते. डावीकडून, उजवीकडून, वरून, खालून असे चार फोटो घ्या. एका बाजूने पुसट दिसणारा काना दुसऱ्या बाजूने दिसतो. शेजारी सेंटिमीटरची पट्टी ठेवा. हे झालं खासगी किंवा गल्लीतल्या दगडाचं. संरक्षित स्मारकात कोरीव लेखाला हात लावायच्या आधी लेखी परवानगी काढा. तुमच्या भागात सरकारवाडा आणि सुंदरनारायण ही दोन राज्य संरक्षित ठिकाणं आहेत.

खरा घोटाळा ऑइलपेंटचा. देवळांचे जीर्णोद्धार होतात तेव्हा रंगारी कोरलेली अक्षरं लाल-काळ्या रंगाने भरतो आणि त्याला वाचता न आलेलं अक्षर अंदाजाने रंगवतो. ६ चा ९ होतो, मोडीतलं अक्षर देवनागरी होऊन बसतं. रंगावर विश्वास ठेवू नका, खाच बघा. तिरक्या उजेडात दोन्हीतला फरक लगेच कळतो.

शक वाचला की त्यात ७८ मिळवा. तिथी पौषाच्या मध्यापासून फाल्गुनापर्यंतची असेल तर ७९, कारण तोवर इंग्रजी वर्ष बदललेलं असतं. संवत्सराचं नाव दिलं असेल तर ताळा घ्या: शकात १२ मिळवायचे, ६० ने भागायचं, बाकी उरेल तो संवत्सराचा क्रमांक, प्रभव पहिला. उदाहरणार्थ नारोशंकराचं देऊळ १७४७ चं, म्हणजे शके १६६९. त्यात १२ मिळवले की १६८१, ६० ने भागून बाकी १, म्हणजे प्रभव. ताळा जुळला नाही तर बहुधा एखादा आकडा चुकीचा वाचलेला असतो. जुन्या कागदांवर ‘सुहूर सन’ ही वेगळी कालगणना दिसेल, त्यात ५९९ मिळवा, आणि तारीख जानेवारी ते मेमधली असेल तर ६००.

घरातले कागद ४०० डीपीआयवर, रंगीत, टिफमध्ये. ए-फोर पान साधारण ४६ एमबी होतं, हजार पानांना ४६ जीबी लागतात, तेवढी डिस्क आधी घ्या. शिवलेली चोपडी स्कॅनरवर उताणी दाबू नका, पाठ मोडते. दोन्ही बाजूंना उशा देऊन अर्धी उघडी ठेवा आणि वरून फोटो काढा. फाटक्या कागदाला सेलोटेप नको, लॅमिनेशन तर नकोच नको. कसर लागू नये म्हणून ओला कडुलिंब घालतात, त्याने बुरशी धरते. मोडी वाचता येत नसेल तर पुराभिलेख संचालनालय प्रशिक्षण वर्ग घेतं, सहातल्या एकाने ते करावेत. तोवर वाचल्याचा आव आणू नका, ‘मोडी, अवाचित’ एवढंच लिहा.

आणि फोटो व्हॉट्सॲपवर नेहमीसारखे पाठवू नका. फाइल लहान होते, काढल्याची वेळ आणि जागा पुसली जाते. डॉक्युमेंट म्हणून पाठवा किंवा सरळ केबल लावा. फाइलीचं नाव आकड्यांत ठेवा: आळी, घर, अनुक्रमांक, म्हणजे ०३-१२-००७. ‘आजोबांचा वाडा नवीन फायनल’ अशा नावांचा सहा महिन्यांनी कुणालाच पत्ता लागत नाही.

पारावरचा

दोघांचेही आभार. लेव्हल ट्यूबचं डोक्यातही आलं नव्हतं. पण आज ना उद्या वाड्यांत शिरावं लागेलच. दारातून परत पाठवणाऱ्यांचं म्हणणं एकच: ‘तुमच्या यादीत नाव गेलं की वाडा अडकला, मग पाडताही येत नाही आणि बांधताही येत नाही.’ यावर काय सांगायचं?

कडीपाट

खरं तेच सांगायचं. वारसा यादी महापालिका आणि शासन करतं. त्याची जाहीर सूचना निघते, हरकती-सूचना मागवतात, मालकाला बोलायची संधी असते. आळीतल्या सहा जणांच्या वहीला तो दर्जा नाही. दुसरी भीती असते ‘१०० मीटर’ची. १०० मीटर बांधकामबंदी आणि पुढचे २०० मीटर नियंत्रण हा नियम केंद्र संरक्षित स्मारकांच्या भोवतीचा, १९५८ च्या कायद्यातला, २०१० च्या दुरुस्तीने आलेला. तुमच्या फोटोंमुळे तो कुठेही लागू होत नाही. मात्र ‘आम्ही तुमचा वाडा वाचवू’ असं चुकूनही म्हणू नका. मालकाला पाडायचाच असेल तर तुम्ही शत्रू, भाडेकरूला टिकवायचा असेल तर तुम्ही साक्षीदार. दोन्ही नको.

एक पानी संमतीपत्रक करा, मराठीत, मोठ्या अक्षरात. चारच गोष्टी: काय टिपलं, कुणाला दाखवायचं (फक्त आळीत, अभ्यासकांना की सगळ्यांना), नाव द्यायचं की नाही, आणि नको वाटलं तर काढून टाकायला कुणाला सांगायचं. सही मालकाची आणि राहणाऱ्याची, दोघांची. दोन प्रती, एक त्यांच्याकडे.

आत शिरायचा क्रम ठेवा. पहिल्या भेटीत फक्त बाहेरचं: ओटा, दिंडी दरवाजा, गणेशपट्टी, सज्जा. दुसऱ्या भेटीत बोलावलं तर देवडी आणि चौक. माजघर, देवघर, बळद, तळघर यांचं नावही काढू नका. ते दाखवायचं असेल तर घरातलीच बाई म्हणते, ‘या, आत बघा.’

काय टिपायचं? सगळ्यात आधी खण मोजा. दोन खांबांमधलं अंतर एकदा टेपने घेतलं आणि खण मोजले की अर्ध्या तासात कच्चा आराखडा होतो, खोल्यांत टेप घेऊन फिरावं लागत नाही. मग एकाच खांबाची नोंद तळापासून वर: तळखडा (खांबाखालचा दगड), खांब, हस्त (खांबाच्या माथ्याचा लाकडी आधार), तुळई, त्यावर कडीपाट (लाकडी तक्तपोशी). तळखडा फुटलाय का आणि खांबाचा पाय ओलाव्याने भुसभुशीत झालाय का, ते बघा, वाड्याचं दुखणं बहुतेक वेळा तिथूनच सुरू होतं. त्याचा फोटो मात्र चौकातल्या कागदावर नको.

प्रत्येक जुनं घर ‘पेशवेकालीन’ म्हणून मोकळं होऊ नका. मंगळुरी कौलं १८६५ नंतरची, लोखंडी गर्डर आणि बिडाचे कठडे रेल्वे आल्यानंतरचे. पण कौलं नवी म्हणून वाडा नवा असंही होत नाही, छप्पर बदललेलं असतं. म्हणून काळ घराचा लिहू नका, भागाचा लिहा: जोतं, खांब, छप्पर, जिना वेगवेगळे.

आता सगळ्यात महत्त्वाचं. कोरीव हस्त, दरवाजे, पितळी मूर्ती यांना बाजार आहे, आणि बंद वाड्यातून त्या जातात. कोरीव कामाचा स्वच्छ फोटो आणि खाली घराचा नेमका ठिकाणा असं इंटरनेटवर टाकलंत, तर तुम्ही चोराला कॅटलॉग छापून दिलात. दोन वह्या ठेवा. घर क्रमांकासकट असलेली कपाटात. लोकांना दाखवायची तिच्यात फक्त आळीचं नाव.

सोनसाखळी

सगळे सल्ले रविवार सकाळचे आणि दारात बसलेल्या पुरुषांचे दिसतात. माजघराचा इतिहास बुधवारी दुपारी तीन ते पाचमध्ये मिळतो, बाई गेली तर. आणि ‘जुनी माहिती सांगा’ म्हटलं की समोरचं माणूस रामायणापासून सुरू करतं. वस्तू हातात द्या आणि छोटं विचारा. आडाचं पाणी पिणं कधी बंद झालं? कल्हई करायला कोण यायचं, कुठे बसायचा, एका पातेल्याला काय घ्यायचा? कुरडया कुठल्या गच्चीवर वाळायच्या? रेकॉर्डिंग करताना फोन विमान मोडवर, पंखा बंद, फोन बोलणाऱ्यापासून हातभर अंतरावर जाड टॉवेलवर, कारण टेबलावर ठेवलेल्या कपाचा ठोकासुद्धा येतो. वेव्ह फाइल घ्या, तासाला अर्धा जीबी धरा. पाऊण तासाच्या वर एक बैठक लांबवू नका.

अजून एक. आळीची माणसं आता आळीत राहत नाहीत. कॉलेज रोड, गंगापूर रोड, इंदिरानगर, सिडकोला गेली आणि अल्बम घेऊन गेली. ती परत येतात ती आळीच्या गणपतीला आणि नवरात्रात. मांडवात एक टेबल मांडा, ‘फोटो आणा, दहा मिनिटांत परत न्या’ अशी पाटी लावा. एक स्कॅन करेल, एक नावं विचारून लिहील. दोन तासांत तीसेक फोटो होतात. फोटोच्या पाठीवर बॉलपेनने लिहू नका, दाब पुढे उमटतो. मऊ पेन्सिल. आणि फोटो घरी नेऊन ‘उद्या देतो’ कधीच म्हणू नका. एक फोटो हरवला की पुढच्या वर्षी टेबलाकडे कुणी फिरकत नाही.

कोकणीपुरा, काझीपुऱ्याकडची घरंही धरा. पुराचं पाणी तिथेही शिरलंय आणि तांबटांची गिऱ्हाइकं तिथलीही होती.

गोदाकाठ

सोनसाखळींचं मांडवातलं टेबल माझ्या लाल पेनापेक्षा सरस आहे, मान्य. फक्त मंडळाच्या अध्यक्षांना आधी विचारा आणि टेबल लाउडस्पीकरच्या तोंडासमोर नको.

वारसा फेरीचा विषय कुणी काढला नाही, पण लवकरच कुणीतरी काढेल. पहिल्या वर्षी बाहेरच्यांची फेरी नको. आधी आळीतल्याच पोरांची, पंधरा जणांच्या आत, सकाळी सात ते साडेआठ, सात-आठ थांबे. पंधराच्या वर गेलं की मागच्यांना ऐकू येत नाही, ते कुणाच्या तरी ओट्यावर बसतात आणि दूधवाल्याच्या गाडीला रस्ता राहत नाही. आळी तुमच्यावर रुसते ती अशा फुटकळ कारणांनी.

मोडीवाचक

राहिला प्रश्न पैशांचा आणि नावाचा. संस्था नोंदवायची घाई करू नका. १८६० च्या कायद्याला सात सभासद लागतात, सोबत १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्याची नोंदणी, दरवर्षी हिशेब तपासणी, पदाधिकारी बदलले की ९० दिवसांत बदल अर्ज. कामापेक्षा कागद जास्त होतो आणि अध्यक्ष कोण यावरून सहाचे तीन-तीन होतात. पहिलं वर्ष वहीवर चालवा. डेटाच्या तीन प्रती: एक तुमच्या डिस्कवर, एक क्लाउडवर, एक गावाबाहेर राहणाऱ्या कुणाकडे. आळीत ठेवायची ती वरच्या मजल्यावर. पुराच्या नोंदी पुरात जाऊ नयेत. छापील प्रतीसाठी सार्वजनिक वाचनालयाला विचारून बघा. १८४० पासूनची संस्था आहे, सहा जणांच्या ग्रुपपेक्षा जास्त टिकेल.

वर्गणीचा नमुना हवा असेल तर पांडवलेण्यांत दहाव्या लेण्यात आहे. नहपानाचा जावई उषवदात याने ३००० कार्षापण (तेव्हाची नाणी) गोवर्धनातल्या विणकरांच्या श्रेणींकडे, म्हणजे व्यावसायिक संघांकडे, ठेवले: २००० एकीकडे दरमहा शेकडा १ दराने, १००० दुसरीकडे शेकडा पाऊण दराने. मुद्दल परत द्यायचं नाही, फक्त व्याज वापरायचं. २००० चं वर्षाचं व्याज २४०, आणि लेण्यात वर्षावासाला (पावसाळ्यातल्या मुक्कामाला) राहणाऱ्या २० भिक्षूंना चीवरासाठी, म्हणजे वस्त्रासाठी, प्रत्येकी १२. हिशेब पैशाला पैसा जुळतो. वर हे सगळं निगमसभेत वाचून दाखवलं आणि फलकावर नोंदवलं, असंही तिथेच कोरलंय. तुम्ही जमाखर्च ग्रुपवर टाकू नका, सुप्रभातच्या खाली बुडेल. चौकात नकाशाशेजारी कागद लावा, दर महिन्याच्या पहिल्या रविवारी.

पारावरचा

लेव्हल ट्यूब गवंड्याकडून मिळाली. येत्या रविवारी पहिल्या पाच खुणा धरतोय. एक अडचण: दोन घरांपुढे काँक्रीट इतकं चढलंय की जोतं पूर्ण गाडलं गेलंय. तिथे शून्य कुठे धरायचा?

कडीपाट

उंबऱ्याच्या दगडाची वरची कड. चौकट बदलली तरी दगडी उंबरा सहसा हलवत नाहीत. लाकडी असेल तर मात्र तो धरू नका. आत गेल्यावर पहिला तळखडा असेल त्याचा माथा घ्या. आणि वहीत ‘जोतं’ न लिहिता ‘उंबरा’ किंवा ‘तळखडा’ असं स्पष्ट लिहा, नाहीतर पुढचा माणूस दोन वेगळे शून्य एकच धरून चालेल.